दरडोई उत्पन्न दीडपट की दुपटीहून जास्त? राष्ट्रीय उत्पन्नाची वर्षं एकमेकांना जोडताना

भारताचं दरडोई उत्पन्न 2014-15 मध्ये 86,647 रुपये होतं आणि 2024-25 मध्ये 2,05,324 रुपये, म्हणजे दहा वर्षांत 2.37 पट. हाच हिशोब 2011-12 च्या किमतींनी, म्हणजे भाववाढ वगळून, केला तर 72,805 वरून 1,14,710, म्हणजे 1.58 पट. डॉलरमध्ये मांडला तर त्या त्या वर्षीच्या सरासरी दराने साधारण 1,420 वरून 2,430, म्हणजे 1.71 पट.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. सत्ताधारी पहिलं उचलतात, विरोधक दुसरं, आणि तिसरं वापरून जागतिक क्रमवारीच्या बातम्या तयार होतात. एका वर्षाचं राष्ट्रीय उत्पन्न काढणं कष्टाचं काम असलं तरी त्याची पद्धत ठरलेली आहे. घोळ होतो तो दोन वर्षं शेजारी ठेवताना. म्हणून या लेखाचा भर उत्पन्न कसं मोजतात यापेक्षा वर्षं कशी जोडतात यावर आहे.

आधी उत्पन्न कोणाचं ते ठरवू

जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत वर्षभरात झालेलं उत्पादन, मग ते करणारा कोणी का असेना. सकल राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे जीएनआय, हे देशाच्या रहिवाशांचं उत्पन्न, मग ते कुठेही मिळालेलं असो. ठाणेकरांना हा फरक समजायला वेळ लागू नये. घोडबंदर रोडला राहून बीकेसीत नोकरी करणाऱ्याचं काम मुंबईच्या उत्पादनात धरलं जातं, पगार मात्र ठाण्यातल्या घरात येतो. जीडीपी बीकेसीतून मोजतो, जीएनआय घोडबंदरवरून.

सूत्र एवढंच: जीडीपी, अधिक परदेशातून आलेलं प्राथमिक उत्पन्न, वजा परदेशात गेलेलं प्राथमिक उत्पन्न. प्राथमिक उत्पन्न म्हणजे पगार, व्याज, लाभांश आणि नफा. भारताच्या बाबतीत जाणारी रक्कम येणाऱ्या रकमेपेक्षा मोठी असते. 2023-24 मध्ये हा फरक सुमारे 50 अब्ज डॉलर होता, जीडीपीच्या साधारण 1.4 टक्के. म्हणून आपला जीएनआय जीडीपीपेक्षा किंचित कमी भरतो.

खरी परीक्षा असते कोणती रक्कम कुठे धरायची याची. नवी मुंबईतलीच तीन माणसं घ्या.

सीबीडी बेलापूरच्या एजन्सीतून परदेशी जहाजावर गेलेला थर्ड इंजिनिअर. जहाजावर कोणत्याही देशाचा झेंडा असो, खलाशी आपल्या घरच्या देशाचा रहिवासी मानला जातो. त्याचा पगार हा परदेशातून आलेला मोबदला, म्हणून तो जीएनआयमध्ये येतो, पण जीडीपीत येत नाही.

दुबईत पाच वर्षं नोकरी करणारा कोपरखैरण्याचा अकाउंटंट. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ मुक्काम तिकडे हलवला की हिशोबापुरता तो तिकडचा रहिवासी. पासपोर्ट भारतीय असला तरी फरक पडत नाही. त्याचा पगार अमिरातीच्या हिशोबात जातो, आणि तो आईला पाठवतो ते पैसे हस्तांतर ठरतात. ते ना जीडीपीत, ना जीएनआयमध्ये. त्यांची जागा 'सकल राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्ना'त, म्हणजे पुढच्या पायरीवर. 2024-25 मध्ये अनिवासी भारतीयांकडून सुमारे 135 अब्ज डॉलर आले. 'परदेशी भारतीयांच्या पैशामुळे आपलं राष्ट्रीय उत्पन्न वाढतं' हे वाक्य पाठ्यपुस्तकांतसुद्धा सापडतं, आणि ते या अर्थाने चुकीचं आहे. तोच अकाउंटंट सहा महिन्यांच्या कामावर गेला असता तर त्याचा पगार जीएनआयमध्ये आला असता.

तिसरी व्यक्ती ऐरोलीत एका परदेशी मालकीच्या कंपनीत काम करते. तिचा पगार जीडीपीत आणि जीएनआयमध्येही. कंपनीचा नफा जीडीपीत आहे, पण जीएनआयमध्ये नाही, कारण तो परदेशी मालकाचा. इथे एक खाच आहे. कंपनीने नफा मायदेशी पाठवला नाही, इथेच नवी इमारत बांधली, तरीही आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो आधी 'बाहेर गेला' आणि लगेच थेट गुंतवणूक म्हणून 'परत आला' अशा दोन नोंदी होतात. बँकेतून एक रुपया न हलता जीएनआय कमी दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत ही रक्कम पुनर्गुंतवलेलं उत्पन्न म्हणून वेगळी दाखवलेली असते. ती न पाहता 'एवढे डॉलर देशाबाहेर गेले' असं लिहिणं म्हणजे वाचकाची दिशाभूल.

हद्दीतलं उत्पादन आणि रहिवाशांचं उत्पन्न यांतली दरी आपल्याकडे फार जुन्या काळापासून चर्चेत आहे. दादाभाई नौरोजींनी 1867-68 साठी ब्रिटिश हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न 20 रुपये काढलं, आणि त्यांचा सगळा युक्तिवाद त्यातून विलायतेला किती वाहून जातं याभोवती होता. पुढे अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 1931-32 साठी 62 रुपये हा अंदाज दिला. या दोन आकड्यांचा भागाकार करून 'ब्रिटिश काळात उत्पन्न तिप्पट झालं' असं म्हणणारे भेटतात. किमती वेगळ्या, पद्धती वेगळ्या, मोजलेल्या गोष्टीही वेगळ्या. तो भागाकार निरर्थक आहे.

जीएनआय घेतला म्हणून सगळं सुटतं असंही नाही. आयर्लंडने 2015 साठी जीडीपीची वाढ 26.3 टक्के जाहीर केली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट वगैरे कागदोपत्री तिथे हलवल्याचा तो परिणाम होता. जीएनआयच्या अगदी जवळचा जीएनपी हा आकडाही 18.7 टक्क्यांनी वाढलेला दिसला, कारण काही कंपन्यांनी मुख्यालयच आयरिश करून घेतलं होतं. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने 2017 पासून 'सुधारित जीएनआय' नावाचा वेगळा आकडा काढायला सुरुवात केली.

मोजणीत काय येतं

हा भाग थोडक्यात. वाशीच्या एपीएमसीत हापूसची पेटी शेतकऱ्याकडून 2,000 ला येऊन 2,600 ला पुढे गेली तर व्यापाराच्या खात्यावर 600 धरायचे, 2,600 नाही. त्या 600 मधूनही वाहतूक, हमाली, पॅकिंग बाहेरून विकत घेतलं असेल तर ते वजा. उरतं ते मूल्यवर्धन. सगळ्या क्षेत्रांचं मूल्यवर्धन, अधिक उत्पादनांवरचे कर, वजा अनुदानं, की झाला बाजारभावाने जीडीपी.

कर आणि अनुदानांची ही पायरी क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे मोठे गैरसमज होतात. ऑक्टोबर ते डिसेंबर 2023 या तिमाहीत जीडीपीची वाढ 8.4 टक्के जाहीर झाली आणि मूल्यवर्धनाची 6.5 टक्के. देशातल्या कामकाजाचा वेग पाहायचा तर 6.5 हा आकडा जवळचा. उरलेला फरक कर वाढल्याचा आणि अनुदानं घटल्याचा.

जुना फ्लॅट विकला तर त्याची किंमत धरत नाहीत, ब्रोकरची दलाली धरतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचंही भाडं अंदाजाने उत्पन्नात धरलं जातं, कारण ते सोडलं तर भाड्याने राहणाऱ्यांचा देश श्रीमंत आणि स्वतःच्या घरांचा देश गरीब दिसेल. पोळ्यांना बाई लावली तर तिची मजुरी मोजली जाते, घरच्या बाईने केल्या तर नाही. वर्षं जोडताना याचा परिणाम असा, की पूर्वी घरात होणारी कामं बाजारात गेली की पोळ्या तेवढ्याच असूनही उत्पन्न वाढलेलं दिसतं. शहरं वाढत असताना वाढीचा काही भाग असा येतो.

वर्तमानपत्रांत ज्याला 'दरडोई उत्पन्न' म्हणतात ते बहुतेक वेळा जीएनआयही नसतं. ते निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न असतं, म्हणजे जीएनआयमधून यंत्रं-इमारतींचा घसारा वजा केलेला. फरक दहा टक्क्यांहून जास्त पडतो. जागतिक बँक मात्र दरडोई जीएनआय देते. एका वर्षाचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेतला की वाढ नुसती कागदावर होते किंवा गायब होते.

किमती काढून टाकणं: सगळ्यात नाजूक काम

उत्पन्न वाढतं ते वस्तू वाढल्याने किंवा भाव वाढल्याने. आपल्याला पहिलं हवं असतं. म्हणून चालू किमतींच्या आकड्यातून भाववाढ काढून 'स्थिर किमतींचा' आकडा बनवतात. दोघांचं गुणोत्तर म्हणजे डिफ्लेटर. 2024-25 चा जीडीपी चालू किमतींनी 330.68 लाख कोटी आणि 2011-12 च्या किमतींनी 187.97 लाख कोटी होता. भागाकार 1.76. म्हणजे तेरा वर्षांत उत्पादनाच्या एकूण किमती 76 टक्क्यांनी चढल्या असं हा हिशोब सांगतो.

तुमच्या किराण्याच्या बिलाशी हे जुळणार नाही, आणि जुळावं अशी अपेक्षाही नाही. डिफ्लेटरमध्ये देशात बनलेलं सगळं असतं, पोलाद आणि सॉफ्टवेअरसकट. ग्राहक किंमत निर्देशांकात फक्त घरखर्च असतो, आणि आयात केलेल्या वस्तूही असतात.

अडचण अशी, की मूल्यवर्धन ही वजाबाकी आहे. विक्रीतून कच्चा माल वजा करून ती येते, आणि दोन्हींचे भाव एका चालीने चढत-उतरत नाहीत. महापे एमआयडीसीतला प्लास्टिकचे डबे बनवणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ आणि आकडे सोपे ठेवू.

पायाभूत वर्षात त्याने 100 खोकी डबे 100 रुपयांना विकले, म्हणजे 10,000. कच्चा माल म्हणजे खनिज तेलापासून बनणारे प्लास्टिकचे दाणे; ते लागले 70 पोती, दर पोत्याला 100, म्हणजे 7,000. मूल्यवर्धन 3,000.

पुढच्या वर्षी कच्चं तेल उतरलं. कारखान्याने तेवढीच 100 खोकी बनवली, तेवढीच 70 पोती वापरली. डब्याचा भाव 5 टक्के उतरला, दाण्यांचा 20 टक्के. विक्री 9,500, कच्चा माल 5,600, चालू किमतींनी मूल्यवर्धन 3,900.

उत्पादन कणभरही वाढलेलं नाही, म्हणून उत्तर 3,000 च यायला हवं. दुहेरी पद्धतीने ते येतं: विक्री भागिले 0.95 म्हणजे 10,000, कच्चा माल भागिले 0.80 म्हणजे 7,000, वजाबाकी 3,000, वाढ शून्य. पण एकेरी पद्धतीत 3,900 ला सरळ डब्यांच्या भावाने भागतात: 3,900 भागिले 0.95, म्हणजे 4,105. वाढ जवळजवळ 37 टक्के! मालकाचा नफा खरंच वाढला आहे, पण एक डबासुद्धा जास्त निघालेला नाही.

तेल महागलं की हेच उलटं होतं. दाणे 20 टक्के महाग, डबे 5 टक्के महाग: विक्री 10,500, कच्चा माल 8,400, मूल्यवर्धन 2,100. एकेरी पद्धतीने 2,000, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याची घट, आणि यंत्रं मात्र तशीच चालू.

2011-12 च्या मालिकेत, म्हणजे त्या वर्षाच्या किमती पाया धरून काढलेल्या आकड्यांत, कारखानदारीसाठी मुख्यतः एकेरी पद्धत होती आणि तिच्यात घाऊक किंमत निर्देशांकाचा मोठा वापर होता. 2015-16 मध्ये तेलाच्या घसरणीने घाऊक निर्देशांक शून्याखाली गेला, तर ग्राहक निर्देशांक 5 टक्क्यांच्या आसपास होता. त्या वर्षीची खरी वाढ फुगली की नाही यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. आमच्या मते फुगण्याची दिशा स्पष्ट होती, किती फुगली हे मात्र छातीठोकपणे सांगता येण्यासारखं नव्हतं. जुलै ते सप्टेंबर 2025 च्या तिमाहीतही चालू किमतींनी वाढ 8.7 टक्के आणि स्थिर किमतींनी 8.2 टक्के आली, म्हणजे डिफ्लेटर अवघा अर्धा टक्का वाढला. असं दिसलं की वाढीच्या आकड्याकडे टाळी वाजवण्याआधी डिफ्लेटरकडे बघावं. ते तपासणं सोपं आहे: चालू किमतींची वाढ आणि स्थिर किमतींची वाढ यांतलं अंतर त्या काळच्या महागाईपेक्षा फारच कमी असेल तर थांबून विचार करा.

जीएनआयसाठी आणखी एक पेच आहे. उत्पन्नाने आपण काय विकत घेऊ शकतो हे आयात-निर्यातीच्या भावांवर अवलंबून असतं. आपण कच्चं तेल आयात करतो. तेल दुप्पट महागलं आणि आपलं उत्पादन तेवढंच राहिलं तरी देशाची ऐपत घटते. स्थिर किमतींचा जीडीपी हे दाखवत नाही, कारण त्याला फक्त उत्पादनाचं प्रमाण कळतं. म्हणून खऱ्या उत्पन्नाची तुलना करायची तर व्यापारशर्तींचा, म्हणजे आयात-निर्यातीच्या भावांतल्या बदलाचा, नफा-तोटा वेगळा मिळवावा लागतो. तेल उत्पादक देशांत ही दुरुस्ती प्रचंड असते.

पायाभूत वर्ष बदललं की

स्थिर किमती कुठल्या तरी एका वर्षाच्या असतात. भारतात ते वर्ष 1948-49, 1960-61, 1970-71, 1980-81, 1993-94, 1999-2000, 2004-05, 2011-12 असं सरकत आलं आणि त्यापुढचं म्हणून केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने 2022-23 निवडलं. या लेखातले आकडे 2011-12 च्या मालिकेतले आहेत. नव्या मालिकेत कारखानदारीसाठी दुहेरी पद्धतीकडे जाण्याचं ठरलं, ही स्वागतार्ह गोष्ट. पण याचाच अर्थ असा की जुन्या मालिकेतलं एक वर्ष आणि नव्यातलं एक वर्ष थेट वजा करायचं नाही.

पायाभूत वर्ष बदलताना फक्त किमती बदलत नाहीत. नवी सर्वेक्षणं येतात, नवे स्रोत येतात, व्याख्याही बदलतात. जानेवारी 2015 मध्ये 2011-12 ची मालिका आली तेव्हा कंपन्यांचे आकडे थोड्या कंपन्यांच्या नमुन्याऐवजी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरलेल्या लाखो ताळेबंदांतून घ्यायला सुरुवात झाली. 2013-14 ची वाढ 4.7 वरून 6.9 टक्के झाली. यात दोन गोष्टी मिसळल्या होत्या: 4.7 हा घटक किमतींनी, म्हणजे अप्रत्यक्ष कर वगळून आणि अनुदानं मिळवून, काढलेला जीडीपी होता, 6.9 बाजारभावाने. मथळ्याचा आकडाच बदलला होता. आणि गंमत म्हणजे 2011-12 चा चालू किमतींचा जीडीपी नव्या मालिकेत सुमारे 2 टक्क्यांनी लहान निघाला. पातळी खाली, वेग वर.

इतर देशांत उड्या याहून मोठ्या असतात. नायजेरियाने 2014 मध्ये पायाभूत वर्ष 1990 वरून 2010 वर आणलं आणि जीडीपी एका दिवसात 89 टक्क्यांनी मोठा झाला, कारण मोबाईल फोन आणि चित्रपट उद्योग जुन्या चौकटीत जवळजवळ नव्हतेच. घानाचा 2010 मध्ये सुमारे 60 टक्क्यांनी वाढला.

मग दोन मालिका जोडायच्या कशा? दोन्हींत असलेलं एक सामाईक वर्ष घ्यायचं. समजा जुन्या मालिकेत पहिल्या वर्षी 80 आणि दुसऱ्या वर्षी 90 आहेत, आणि नवी मालिका त्या दुसऱ्या वर्षापासून 88 ने सुरू होते. जोडगुणक 88 भागिले 90, म्हणजे 0.978. त्याने 80 ला गुणलं की 78.2. जुनी वाढ 12.5 टक्के जशीच्या तशी राहते, पातळी नवी होते. चालू किमतींची मालिका चालू किमतींच्या गुणकाने आणि स्थिर किमतींची स्थिर किमतींच्या गुणकाने जोडायची. त्यांची सरमिसळ ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दुसरी चूक म्हणजे शेती, उद्योग, सेवा वेगवेगळ्या जोडून त्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळेल असं समजणं. जुळत नाही. त्याचं दुःख करू नये, तफावत वेगळी दाखवावी.

जोडलेल्या मालिकेची मर्यादाही ओळखून असावं. नव्या मालिकेने पकडलेला मोबाईल दुरुस्तीचा धंदा जुन्या मालिकेच्या पहिल्या वर्षी अस्तित्वातच नसेल, तर गुणक मात्र तो तेव्हाही होता असं धरून चालतो. जितकं मागे जाल तितकं हे जास्त खोटं. म्हणून 1950-51 पासूनची एकसंध रेष ढोबळ कल आहे, तिच्यावरून दशांश चिन्हापुढचे वाद घालू नयेत.

आकडा एकदा आला की संपला, असं नसतं

एकाच वर्षाचा आकडा आपल्याकडे अनेकदा जाहीर होतो: जानेवारीत पहिला आगाऊ अंदाज, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर तात्पुरता, आणि पुढच्या वर्षांत सुधारित अंदाज. 2023-24 ची वाढ बघा: 7.3, मग 7.6, मग 8.2, मग 9.2 टक्के. जवळजवळ दोन टक्क्यांचा फरक, वर्ष तेच.

यात लबाडी शोधण्याची गरज नाही. जानेवारीत डिसेंबरपर्यंतचीही पूर्ण माहिती नसते. मोठ्या कंपन्यांचे निकाल, सिमेंट-पोलादाचं उत्पादन, वाहनविक्री यांवरून बाकीचा अंदाज बांधतात. छोट्या, नोंद नसलेल्या धंद्यांची सर्वेक्षणं उशिरा येतात. तोवर मोठ्यांच्या चालीवरून लहानांची चाल धरली जाते. नोटाबंदी किंवा कोविडसारख्या धक्क्यात लहान धंदे बुडतात आणि मोठे तगतात, तेव्हा नेमकी हीच पद्धत दगा देते.

सुधारणा पहिल्यापासून आहेत. ऑगस्ट 1949 मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव तिचे सदस्य होते. 1951 च्या पहिल्या अहवालात 1948-49 चं राष्ट्रीय उत्पन्न 8,710 कोटी आणि दरडोई 255 रुपये होतं. अंतिम अहवालात ते 8,650 कोटी आणि 246.9 रुपये झालं.

कामाचा नियम असा: तुलना करताना दोन्ही वर्षं एकाच दिवशी प्रसिद्ध झालेल्या तक्त्यातून घ्या. जुना अंतिम आकडा आणि नवा आगाऊ आकडा यांची तुलना करायची झाली, तर कुठला अंदाज आहे ते आकड्याच्या शेजारी लिहा.

डॉलर

डॉलरमधला आकडा दोन गोष्टींवर हलतो, आपलं उत्पन्न आणि रुपयाचा दर. वर दिलेल्या दहा वर्षांत डॉलरचा सरासरी दर साधारण 61 रुपयांवरून साडेचौऱ्याऐंशीवर गेला, म्हणून 2.37 पटीचे 1.71 पट झाले. दराच्या उसळ्या शमवण्यासाठी जागतिक बँक अॅटलास पद्धत वापरते: चालू आणि मागच्या दोन वर्षांचे दर महागाईतल्या फरकानुसार दुरुस्त करून त्यांची सरासरी. त्यावरून दरवर्षी 1 जुलैला देशांचे गट ठरतात. जुलै 2025 च्या यादीत दरडोई 1,136 ते 4,495 डॉलर हा कनिष्ठ-मध्यम गट होता, आणि भारत त्यात आहे. क्रयशक्तीचा दर, म्हणजे दोन देशांत तेवढ्याच वस्तूंना किती पैसे लागतात यावरून काढलेला दर, वेगळाच. त्यानुसार एका डॉलरला बाजारातल्या दराच्या सुमारे चौथा हिस्साच रुपये लागतात, म्हणून त्या मापाने भारत मोठा दिसतो. देशांमधली राहणीमानाची तुलना करायची तर ते माप घ्यावं. एकाच देशाची वर्षं जोडायला डॉलर मध्ये आणूच नये, स्थिर किमतींचे रुपये पुरेसे असतात.

भागाकार आणि वेग

वेगाचा हिशोब करताना साधी सरासरी घेणं ही चांगल्या-चांगल्यांची चूक. 1.58 पट म्हणजे 58 टक्के वाढ, भागिले दहा, म्हणून वर्षाला 5.8 टक्के? नाही. दरवर्षीची वाढ आधीच्या वाढीवर चढते. 1.5756 चं दहावं मूळ काढून एक वजा केलं की 4.65 टक्के येतात. स्प्रेडशीटमध्ये शेवटचा आकडा भागिले पहिला, त्याचा एक-दशांश घात, वजा एक. चालू किमतींची वाढ याच रीतीने 9 टक्के येते, 13.7 नाही. वर्षं मोजतानाही जपून: 2014-15 ते 2024-25 यांत आकडे अकरा आहेत, पण अंतरं दहा.

सुरुवातीचं वर्ष निवडण्यातही हात मारता येतो. 2020-21 हे कोविडचं खोल वर्ष. तिथून मोजलं की कुठलंही सरकार कर्तबगार दिसतं. 2019-20 पासून मोजा, म्हणजे खड्डा आणि चढण दोन्ही हिशोबात येतात.

दरडोई काढायचं तर भागायला लोकसंख्या लागते. 2024-25 साठी ती 140.8 कोटी धरली आहे. ही मोजलेली संख्या नाही. 2011 च्या जनगणनेवरून पुढे वाढवत नेलेला अंदाज आहे. नवी जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भदिनाची. तिच्यात लोकसंख्या अंदाजापेक्षा एक टक्क्याने कमी-जास्त निघाली तर दरडोई आकडा तितकाच उलट दिशेला सरकेल, आणि मधली सगळी वर्षं मागे जाऊन दुरुस्त करावी लागतील.

आपल्या जिल्ह्याचं काय

राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्यांचं उत्पन्न काढतं. ते देशाच्या जीएनआयसारखं नाही, जिथे उत्पादन झालं तिथे धरलेलं उत्पन्न आहे. ठाण्याहून मुंबईला आणि पनवेलहून ऐरोलीला रोज किती पगार सीमा ओलांडतो याची जकातनाक्यासारखी नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे ठाणे जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न म्हणजे ठाणेकराच्या घरात येणारे पैसे नव्हेत.

नवी मुंबईचा वेगळा आकडा तर मिळतच नाही. वाशी, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, पनवेल आणि उरणचं जेएनपीए बंदर रायगडात. बंदरातली कमाई रायगडच्या खात्यावर पडते, तिथे काम करणारा नेरूळला राहत असला तरी.

आणि ठाण्याची दीर्घ मालिका मांडताना 1 ऑगस्ट 2014 ही तारीख विसरू नका. त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला. तारापूरच्या एमआयडीसीपासून जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी तालुक्यांपर्यंतचा भाग त्यात गेला. एकूण उत्पन्न घटलेलं आणि दरडोई उत्पन्न वेगळंच झालेलं दिसेल, कारण जिल्ह्याची व्याख्याच बदलली. तुलना करायची तर 2014 नंतरच्या वर्षांसाठी ठाणे आणि पालघरची उत्पन्नं एकत्र करायची, लोकसंख्या एकत्र करायच्या आणि मग भागायचं. दोन दरडोई आकड्यांची सरासरी घेऊ नका, कारण दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या सारखी नाही.